खाणीजवळचं अंजीर

ऐकून हसलात तरी चालेल. पण हे खरं घडलेलं आहे.

माझी मावशी शिवणकाम करते. उसवलेला टाकासुद्धा गिऱ्हाइकापासून लपवत नाही ती. तिच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जागा, बंद पडलेल्या दगडखाणीचा माथा. वेळ भर दुपारची.

मावशीला आणि तिच्या ताईला आपोआप उगवलेली अंजिराची झाडं शोधायचा भारी नाद. गोदामांच्या मागे, रुळांच्या कडेला, रानात... ताईला आधी वास यायचा, झाड मग दिसायचं.

ताई आकडीने फांदी खाली ओढून धरायची. मावशी अंजिरं तोडायची.

नियम एकच. तोडणारी ‘सोड’ म्हणेपर्यंत फांदी सोडायची नाही.

एकदा ती चुकून सुटली आणि मावशीच्या डोळ्यावर बसली. त्यानंतर ताईने नियम कधी मोडला नाही.

ताईला जाऊन वर्ष झालं होतं. खाणीजवळचं झाड तिचं सगळ्यांत लाडकं. रस्त्यासाठी ते दुसऱ्या दिवशी तोडणार होते. मावशीला त्याची एक तरी काडी हवी होती, कुंडीत लावायला.

ताईच्या यजमानांनी गाडीतून नेलं.

“खाणीत पडलीस तर लोकांचे अर्धवट कपडे कोण शिवणार?”

“तुम्ही शिवा, भाऊजी. नाहीतर घोरत पडा गाडीत.”

मावशी एकटीच चढण चढली.

वर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं...

खालच्या फांद्या वाळलेल्या. ओली फांदी उंच. मावशीने उडी मारून पाहिली. हात पुरेना.

तेवढ्यात...

फांदी खाली आली. अलगद.

“आलात का भाऊजी? अजून थोडी खाली घ्या.”

फांदी अजून खाली आली.

मावशीने कात्रीने काडी कापली. पांढरा चीक बोटांवर ओघळला.

आणि लांबून, पार खालून, भाऊजींची हाक आली...

“अगं ए! आकडी गाडीतच विसरलीस की!”

मावशीचा हात थांबला.

खोडाआड कुणी नव्हतं. वारा नव्हता. फांदी मात्र तशीच ताणलेली... आणि किंचित थरथरत होती. खूप वेळ धरून हात भरून आल्यावर थरथरते ना, तशी.

‘सोड’ हा शब्द मावशीच्या ओठांवर आला. पण तोंडातून फुटेना.

ती पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी झाड तोडलं. करवतवाला भाऊजींना म्हणाला, “एक फांदी बांधल्यासारखी वाकली होती. दोर शोधला, सापडला नाही. झाड पडलं तरी ती सरळ झाली नाही.”

काडी रुजली. कुंडी मावशीच्या खिडकीत आहे, मशीनशेजारी. रोपाला एकच फांदी. ती उजेडाकडे जात नाही. आत, मावशीच्या हाताकडे वाकलीय.

“तो शब्द म्हणून टाक की एकदाचा,” मी म्हटलं.

“रोज ठरवते रे. आणि मग वाटतं... म्हटला, तर ताई जाईल.”

एवढं बोलून ती परत मशीन चालवायला लागते. मशीन थांबवायचं ती हल्ली टाळते.

मशीन थांबलं की पानांची थरथर ऐकू येते...