एक्केचाळिसावी चादर

माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. बोलली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना कान लाल झाले नव्हते, म्हणून लिहितोय.

मंगळवार, दुपारचे चार. मावशीचं परसदार.

मावशी हॉस्पिटलच्या चाळीस चादरी धुते. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर घालते. त्यावरच तिचं घर चालतं.

आणि महिनाभर रोज चारला धूर यायचा. वाळत घातलेल्या चादरींवर राख पडायची.

"परत धुराचा वास आला, तर काम दुसऱ्याला देईन," सिस्टरने बजावलं होतं.

शेजारी निवृत्त हेडमास्तर. पाला तेच जाळत असणार. मावशीने नगरपालिकेत तक्रार केली, तर तिथला साहेब म्हणाला, "रोजची वेळ वहीत लिहून आणा." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्या मंगळवारी तिचं डोकंच फिरलं. वही घेऊन ती भिंतीपाशी गेली.

"मास्तर, माझ्या पोटावर पाय का देताय?"

मास्तर खोकत बाहेर आले. त्यांच्याही हातात वही होती.

"चोराच्या उलट्या बोंबा! धूर तुमच्याकडून येतो, बाई. माझी पुस्तकं काळी पडली."

दोन्ही वह्या भिंतीवर उघडल्या.

वेळा सारख्याच होत्या... मिनिटासकट.

दोघांनी एकमेकांच्या अंगणात डोकावून पाहिलं. जाळ कुठेच नव्हता.

धूर मात्र येतच होता...

तेवढ्यात चादरीवर काहीतरी पडलं. कापडाचा जळका तुकडा. त्यावर लाल नंबर. टाका मावशीचाच.

एक्केचाळीस.

तिने चादरी मोजल्या. चाळीसच्या चाळीस जागेवर होत्या. एक्केचाळीस नंबर तिने अजून कधी घातलाच नव्हता.

शुक्रवारी हॉस्पिटलने एक कोरी चादर जास्तीची पाठवली...

मावशीच्या हातातली सुई थांबली. मग तिने सरळ नंबर घातला, बेचाळीस. एक्केचाळीस गाळूनच टाकला.

धूर बंद झाला. काम टिकलं. मास्तरांशी बोलणंही सुरू झालं.

गेल्या सोमवारी चारला मास्तरांनीच हाक मारली.

"बाई, हे तुमचं का? माझ्या टेबलावर पडलं होतं."

तळहातावर जळका तुकडा. अजून गरम...

बेचाळीस.

ती चादर तेव्हा हॉस्पिटलात होती. मावशीने तसाच फोन लावला.

"सिस्टर, बेचाळीस नंबरवर कोण झोपलंय? त्यांना उठवा आधी!"

"डोकं ठिकाणावर आहे ना? पुन्हा फोन केलात तर काम बंद."

मावशी तरीही रोज चारला फोन करते. काम गेलं तर गेलं, म्हणते.

कालपासून हॉस्पिटलातला एकही फोन कोणी उचलत नाही...