शेवटचं प्रकरण दिवाळीनंतर

“थांबा... दोन ओळी राहिल्यात माझ्या.”

पान उलटता उलटता ब्राह्मीचा हात थांबला. सातारा–सांगली एसटी कऱ्हाडच्या पुढे आली होती. मे महिन्याचं ऊन खिडकीच्या गजांतून तिच्या मांडीवरच्या कादंबरीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं, आणि इतका वेळ झोपेचं सोंग घेतलेला शेजारचा मुलगा मान लांब करून तिचंच पुस्तक वाचत होता.

“कधीपासून वाचताय?”

“उंब्रजपासून,” तो जराही न लाजता म्हणाला. “त्या पोरीची चप्पल समुद्रात वाहून जाते ना, तिथनं. सुरुवात चुकली माझी. सांगता का?”

“असली पुस्तकं मुलं वाचत नाहीत म्हणे.”

“मी कुठं वाचतोय? मी फक्त शेजारी बसलोय.”

ब्राह्मीला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली. सुट्टीत कोकणात मामाकडे गेलेली मुलगी, तिथला होड्या रंगवणारा मुलगा आणि उन्हाळ्याचे मोजके दिवस. ऐकता ऐकता त्याने आपलंही सांगून टाकलं. नाव यशराज, नोकरी लोणंदच्या कारखान्यात, दर शनिवारी घरी आष्ट्याला. तीही साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला आलेली, शनिवारी सांगलीला घरी जाणारी.

पुढच्या शनिवारी त्याने तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती.

मग नियम ठरले. ते अर्थात ब्राह्मीने ठरवले. पुस्तक गाडीतच वाचायचं. दोघांनी मिळूनच वाचायचं. त्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही.

हा ‘हं’ दर शनिवारी थोडा थोडा उशिरा येऊ लागला.

“एवढा वेळ?” तिने एकदा विचारलं.

“अवघड शब्द होता.”

“पानावर सहाच ओळी आहेत, यशराज. त्यातल्या दोन ‘हो’ आणि ‘नाही’ अशा आहेत.”

“तेच अवघड असतंय,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

पेठ नाक्यावर तो उतरून भेळ आणायचा. पहिल्यांदा आणली तेव्हा तिने मान हलवली. “कांदा आहे.”

“काढून देतो की.”

“काढून चालत नाही. नियम म्हणजे नियम.”

“लय कडक बाई तुमी,” तो म्हणाला, आणि पुढच्या वेळेपासून बिनकांद्याची भेळ भेळवाल्याकडून वेगळ्या भांड्यात कालवून आणू लागला. केव्हातरी ‘तुमी’चं ‘तू’ झालं. नेमकं कधी, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

सातव्या शनिवारी आष्टा आलं, तेव्हा शेवटचं प्रकरण उरलं होतं. पुढचा शनिवार तिच्या प्रशिक्षणातला अखेरचा.

“आठवडाभर माझ्याकडं राहू दे,” तो पुस्तक घेत म्हणाला.

“वाचायचं नाही हं एकट्याने.”

“न्हाई.”

पण आठव्या शनिवारी तो गाडीत बसलाच नाही. सातारा स्टँडवर धावत आला आणि खिडकीतूनच त्याने पुस्तक आत दिलं.

“रविवारची पाळी लावलीय मला. सुट्टी मिळंना. ब्राह्मी, मी... वाचलं शेवटचं.”

“एकट्याने?”

“तू पण वाच. सगळं वाच, पार शेवटच्या पानापर्यंत...”

गाडी सुटली. ब्राह्मीने पुस्तक पिशवीत कोंबलं. आठ शनिवार तिने या प्रकरणाची वाट पाहिली होती, ती काय एकटीने वाचायला? रुसव्यात तिने सांगलीपर्यंत पिशवीची चेन उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेठेतल्या जैन मंदिरात मुनिमहाराजांच्या चातुर्मासाची स्थापना होती. दरवर्षीप्रमाणे बायका एकेक उठून चार महिन्यांचे नियम घेत होत्या. घरच्या चंदनबालाकाकूंनी चहा सोडला. कुणी गोड सोडलं. महाराज म्हणाले, “जे सोडताना मनाला टोचेल, तेच सोडावं.”

ब्राह्मी उठली. “कादंबरी वाचणार नाही. दिवाळीपर्यंत.”

त्यात धर्म किती आणि रुसवा किती, हे तिलाही नक्की सांगता आलं नसतं. त्याने एकट्याने वाचलं ना? मग बसू दे वाट बघत. विचारील तेव्हा ऐटीत सांगू, दिवाळीनंतर.

त्याने विचारलंच नाही.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये तिने मोबाईलवर लिहिलं, ‘कसा आहेस?’ आणि खोडलं. चूक त्याची, मग पहिला मेसेजही त्यानेच करायचा. गणपतीत पुन्हा लिहिलं, ‘भेळ खाल्लीस का माझ्याशिवाय?’ आणि तेही खोडलं. पुस्तक कपाटात रुमालात बांधलेलं होतं. गाठ तिने एकदाही सोडली नाही.

दिवाळीच्या पहाटे मंदिरात महावीरांचा निर्वाण लाडू चढवून ती घरी आली आणि रेशमी साडीतच कपाटापुढे बसली. शेवटचं प्रकरण शोधताना पुस्तक मागून उघडलं. अखेरच्या कोऱ्या पानावर निळ्या शाईतलं तिरपं अक्षर होतं.

‘ब्राह्मी, पुस्तकातल्यासारखं बोलता येत नाही मला. तू मला आवडतेस. तुझ्या घरी अवघड आहे, माझ्याही घरी. पण तू हो म्हणालीस तर दोन्हीकडं मी बोलेन. हो असेल तर मेसेज कर. कायपण लिही, ‘जेवलास का’ एवढंच लिही. नसेल तर गप्प राहा. मी परत त्रास देणार नाही.’

खोडलेले दोन्ही मेसेज तिला शब्दन्‌शब्द आठवले.

त्याने फोन लगेच उचलला. मागे फटाके वाजत होते.

“ब्राह्मी?”

“मी आज वाचलं, यशराज. आत्ता. नियम घेतला होता... दिवाळीपर्यंत कादंबरी वाचायची नाही.”

तो फटाक्यांपासून लांब गेला असावा, आवाज मागे पडले.

“दसऱ्याला साखरपुडा झाला माझा,” तो म्हणाला. “तासगावची हाय. संयोगिता.”

“कशी आहे?”

“चांगली हाय.” मग हळूच, “अगं पण... ते तर माझं अक्षर होतं. ती कुठं कादंबरी होती?”

नियम तिनेच घेतला होता, आणि कादंबरी म्हणजे कुठल्या पानापर्यंत, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

“मी बोलू का घरी?” त्याचा आवाज एकदम जवळ आला. “अजून लग्न न्हाई झालं. तू हो म्हण, मी...”

हो. एवढंच तर म्हणायचं होतं. सहा ओळींच्या पानावरचा तो अवघड शब्द.

“तिने होकार दिलाय ना तुला?”

“व्हय.”

“आणि तू तिला?”

“दिलाय,” तो पुटपुटला.

“मग नको. तिचं काय चुकलं यात? दिलेला शब्द म्हणजे शब्द.”

“लय कडक बाई तुमी,” तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला असावा. नीट जमलं नाही.

फोन ठेवल्यावर ब्राह्मीने शेवटचं प्रकरण काढलं. नऊ पानं होती. दारात काकू चार महिन्यांनंतरचा पहिला चहा फुंकून पीत होत्या. ती वाचू लागली. पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झालं. बोट कोपऱ्यावर ठेवून ती थांबली... सवयीने, शेजारच्या माणसाच्या दोन ओळी वाचून व्हाव्यात म्हणून.

बराच वेळ ती तशीच थांबून राहिली. मग स्वतःच हलकेच म्हणाली, “हं.” आणि पान उलटलं.