देवाला द्यायची गाडी

हे घडलेलं आहे. माझं वय ऐंशी झालं. रचून सांगण्याची मला कधी सवय नव्हती, आणि या वयात ती लावून घ्यायची नाही. ज्याला पटेल त्याने वाचावं.

साल एकोणीसशे सव्वीस. मार्गशीर्ष महिना. लोणावळ्याच्या अलीकडचं कुसगाव.

कस्तुराबाई माझी थोरली जाऊ. हे दुःख तिचं, म्हणून हकीकतही तिचीच.

तिचे यजमान भिमाजी बैलगाडीने गवताचे भारे लोणावळ्याच्या स्टेशनावर पोचवीत. सारं घर त्या गाडीवर चाले. त्यांना एकच लेक होती, शालू. वय वर्षं सात. सांजेला रिकामी गाडी वेशीपाशी आली की ती धावत जाई, कडेने चढे आणि मागच्या टोकाला पाय सोडून बसे.

रोजचंच होतं ते.

त्या दिवशी तिचा हात निसटला.

उजवं चाक अंगावरून गेलं. भिमाजींना कळलं, तेव्हा गाडी दहा पावलं पुढे आली होती.

पंचनामा झाला. अपघात ठरला. फौजदारांनी गाडी परत दिली आणि सुतक फिटताच भिमाजींनी ती पुन्हा जुंपली. पोटाला सुतक नसतं.

कस्तुराबाईला ते सोसवेना. लोणावळ्याच्या पेठेत बद्रुद्दीन वकील राहत. गोरगरिबांचे अर्ज ते फुकट लिहून देत. चुलतसासरे रखमाजी यांना सोबत घेऊन ती त्यांच्या पायरीवर जाऊन बसली. तिने एवढंच विचारलं की, माणसाने माणूस मारलं तर त्याला सजा होते, मग गाडीला काय होतं?

रखमाजी हसले. "आता गाडीला फाशी देतीस व्हय गं?"

वकील मात्र हसले नाहीत. उठून त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला.

"बाई, तुम्ही विचारलंत ते साहेबाच्या देशात पूर्वी लोकांनी विचारलं होतं," ते म्हणाले. "तिथे एक जुना शब्द होता, डिओडंड. म्हणजे देवाला द्यायची वस्तू. जिच्यामुळे माणूस गेलं ती वस्तू धन्याकडे राहत नसे. सरकार ती जप्त करी आणि तिचं मोल गेलेल्याच्या नावाने धर्माला लावी. पुढे आगगाडीखाली माणसं मरू लागली. इंजिनं कोण देवाला देणार? मग तो कायदाच त्यांनी मोडीत काढला."

कस्तुराबाईने विचारलं, सगळी गाडी द्यायची, की नुसतं चाक?

वकिलांनी पान उलटलं. गाडी उभी असेल आणि माणूस चाकावरून पडलं, तर फक्त चाक. गाडी चालती असेल, तर जे जे चालत होतं ते सगळं. बैलसुद्धा.

"आमची चालती व्हती," कस्तुराबाई म्हणाली.

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे पदर पसरला. गाडी आणि बैल भैरोबाला द्या म्हणाली. भिमाजी वाईट माणूस नव्हते. पण गाडी दिली तर खायचं काय? तिसऱ्या दिवशी त्यांनी उजवं चाक काढलं, देवळाच्या आवारात नेऊन टेकवलं आणि सुताराकडून नवं बसवून घेतलं.

"चाकानं नेली. चाक दिलं. आता ह्यो इषय बंद."

देवाच्या व्यवहारात अशी घासाघीस करू नये, असं मी तेव्हाच म्हणाले होते. धाकट्या जावेचं कोण ऐकतं?

पौष लागला.

एका सांजेला भिमाजींनी अंगणात गाडी सोडली. बैल बाहेर काढले, जू जमिनीवर टेकवलं आणि ते पाय धुवायला गेले. कस्तुराबाई दिवा लावीत होती.

लाकूड करकरलं...

तिने वळून पाहिलं.

जू जमिनीवरून उचललं जात होतं. अगदी सावकाश. ते छातीइतकं वर आलं आणि तिथेच थांबलं.

मागे वजन जास्त झालं की गाडी अशी पुढून उचलली जाते. आमच्याकडे त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात.

गाडीत काडीसुद्धा नव्हती.

बैल एकटक गाडीच्या मागच्या टोकाकडे पाहत होते. कान टवकारलेले... पण बुजलेले नव्हते. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसे.

भिमाजींच्या हातातून तांब्या पडला. कस्तुराबाई मात्र चालत मागच्या बाजूला गेली. तिथे कोणी नव्हतं. तिने फळीवर हात फिरवला आणि त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

"बसलीया," ती म्हणाली.

रोज सांजेला तसंच होऊ लागलं. उजाडलं की जू खाली.

आणि पारडं फिरलं. आता भिमाजी म्हणत, देऊन टाकू गाडी. कस्तुराबाई ऐकेना. तीच गाडी, तिच्या लेकीला मारणारी, ती रोज शेणापाण्याने पुसू लागली. लवकर अंधारतं, थंडी पडते म्हणून शालूची गोधडी फळीवर अंथरू लागली. एका सकाळी मी तिला समजवायला गेले. ती मला म्हणाली, "बाई, तुझी पोरं घरात निजत्यात. माझी हितं निजती. निजू दे."

मी गप्प बसले. मला कोणी गप्प बसवल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आठवड्याने कस्तुराबाईने गोधडी उचलली, तर एक कोपरा ओला लागला.

दव म्हणावं, तर बाकीची गोधडी कोरडी होती. ओला होता तो उशाकडचाच कोपरा...

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी तिने तो कोपरा जिभेला लावला.

खारट होता.

ती तशीच लोणावळ्याला चालत गेली. वकिलांना तिने विचारलं, लहान लेकराबद्दल त्या ग्रंथात काही लिहिलंय का? वकिलांनी बराच वेळ शोधलं. मग सांगितलं की, उभ्या गाडीवरून अजाण मूल पडून गेलं, तर तिथे काहीच देत नसत. अजाण लेकराला पाप नसतं. त्याच्या सुटकेसाठी दानधर्म लागत नाही, असं त्या लोकांचं म्हणणं.

"मग माझी का रडती, साहेब?"

वकिलांनी ग्रंथ मिटला. "पुस्तकात एवढंच आहे, बाई."

घरी येऊन ती म्हणाली, पोर अडकलीया, गाडी देऊन टाकू, आणि त्याच सांजेला दोघांनी गाडी जुंपली. भिमाजी पुढे, कस्तुराबाई गाडीमागून चालत, आणि तिच्यामागे मी. देवळाच्या आवारात बैल सोडले. गुरवाने ते बाजूला नेऊन बांधले.

जू खाली आलं नाही. अधांतरी राहिलं.

आमच्यात दान दिलं की उदक सोडतात. तळहातावरचं पाणी खाली सोडलं की वस्तू आपली राहत नाही. भिमाजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. ते बायकोला म्हणाले, "तू सोड."

गुरवाने तिच्या तळव्यावर पाणी घातलं.

तिने ते धरून ठेवलं...

गुरव गेणू म्हातारा होता. त्याने घाई केली नाही. दिवेलागण झाली. घंटा वाजून थांबली. तिच्या बोटांतून एक थेंब गळला, तसा तिने दुसरा हात खाली धरला.

मग ती गाडीच्या मागच्या टोकाकडे पाहून हळूच म्हणाली, "रडू नगं. जा."

आणि हात उघडला.

जू खाली येऊ लागलं. आपटलं नाही. निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं, तसं अलगद टेकलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर काही नाही. ना करकर, ना चाहूल. भिमाजींनी उरलेलं आयुष्य रेल्वेच्या खडीवर मजुरी केली आणि त्याबद्दल बायकोला शब्दाने बोलले नाहीत. कस्तुराबाई आणखी एकतीस वर्षं जगली. रोज सांजेला ती अंगणात येऊन उभी राही. अंगण रिकामं असे.

शेवटच्या दुखण्यात तिने माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, खरं सांग. म्या त्या दिवशी गाडी दिली, का पोर?"

या घरात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं आहे.

त्याचं मला अजून देता आलेलं नाही.