सुतळीचे बारा चौकोन

"माझ्या आईची वेल कापायलाव तुमी?"

भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. हातात विळा, केसांत गुलाबी पाकळ्यांचा चुरा. खाली पाहिलं. एक तरुण उभा. हातात हेल्मेट, शर्टाच्या बाह्यांवर श्रावणसरीचे थेंब, आणि डोळे... रागावलेले म्हणावेत, तर तितकेसे नाहीत. तो आजही म्हणतो, मी रागावलेलोच होतो.

"कापत नाहीये," मी म्हणाले. "आमच्या लिंबोणीला जरा ऊन मिळू देतेय."

"म्हंजे कापायलाव."

"...हो."

हा सुगत. झरी गावातलं आमचं घर बाबांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतलं होतं. मी वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी परभणीत होस्टेलला होते आणि शेजारच्या कुसुमकाकूंचा हा मुलगा येलदरीच्या वीजगृहात नोकरीला. एकाच भिंतीला दोन घरं, पण दोन वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. काकू मात्र माझ्या ओळखीच्या. दर पौर्णिमेला ताटलीभर गुलाबी फुलं घेऊन विहाराकडे निघायच्या आणि मी सुट्टीत घरी असले की फाटकातून मला हाक मारायच्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. घराला कुलूप लागलं, वेल मोकाट सुटली. भिंत ओलांडून ती आमच्या लिंबोणीवर पसरली आणि खाली नुसता अंधार करून टाकला.

"हिचं नाव माहीत आहे?" मी विचारलं.

"आइसक्रीमची वेल. सगळी झरी म्हणती."

"शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस. मूळची मेक्सिकोची."

"आयला! आई कधी बोलली न्हाई, वेलीकडं पासपोर्ट हाय म्हणून."

मी हसले, शिडी हलली, आणि त्यानं हेल्मेट टाकून भिंतीवरून दोन्ही हातांनी शिडी धरली. मी उतरेपर्यंत सोडली नाही... उतरल्यावरही लगेच नाही.

मी त्याला वेल ओळखायला शिकवली. पानं पत्त्यातल्या बदामासारखी, कडा लाटांसारख्या. फुलांच्या तुऱ्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं, सापडेल त्याला पकडणारं.

"हात धरती म्हणा की," तो म्हणाला.

"धरते. आणि सोडत नाही. वरून कितीही कापा, जमिनीत रताळ्यासारखे कंद असतात. तुम्ही लोक दरवर्षी दिवाळीनंतर छाटता ना? ती खाली बसून हसत असते."

तो हसला नाही. वेलीकडे बघत राहिला.

"मग... समदी काढायची?"

"मुळासकट. नाहीतर लिंबोणी जाईल. मग कढीपत्ता, मग तुमचा पेरू."

"आईचं आता या घरात एवढंच जितं हाय," तो म्हणाला.

मी विळा घेऊन आत गेले.

पुढच्या रविवारी मात्र तोच पहार घेऊन भिंतीवरून आला. "गुरुजींची लिंबोणी वाळली, तर आई मलाच बोलंल. चला."

मी दोन्ही अंगणांत सुतळी बांधून बारा चौकोन आखले. एकेक चौकोन खणायचा, कंद मोजायचे, वहीत टीप करायची. मी खुरपं घातलं, तोच तो ओरडला, "थांबा! वापसा झाला न्हाई." त्यानं मूठभर काळी माती दाबली, गोळा चिकटच राहिला. "ओल्यात खणलं की कंद तुटतो. तुटला की दोन होतात. हे तुमच्या पुस्तकात न्हाई?"

"तुकड्याचं आहे. वापशाचं नाही."

"लिवा मग."

मी लिहिलं. दुपारी माती मोकळी झाल्यावरच आम्ही खणायला बसलो.

ते रविवार मला अजून वासासकट आठवतात. ओल्या मातीचा वास, त्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास, पावसाची भुरभुर आली की पेरूखाली दोघांना पुरेल एवढीच कोरडी जागा. तो कंदांना नावं ठेवायचा. सगळ्यात लांब निघाला त्याचं नाव तहसीलदार. निघालेले कंद पत्र्यावर वाळवायचे आणि बंबात जाळायचे. स्वयंपाकघराच्या दारातून बाबा दर तासाला विचारायचे, "सुकेशनी, खणायलाव का गप्पा हाणायलाव?"

एका रविवारी मी परभणीहून तगरीचं रोप आणलं. "पौर्णिमेला फुलं लागतील ना विहारात," एवढंच म्हणाले. मग काकू ज्या दगडावर बसून फुलं निवडायच्या, त्याच्या शेजारी त्यानं ते लावलं.

बारावा चौकोन संपला त्याच दिवशी दुसऱ्यात कोंब दिसला. राहिला असेल एखादा. पुढच्या रविवारी पाचव्यात. तो उकरला आणि मी थबकले. कंद उलटा होता. कोंब खालून निघून वळसा घेत वर आला होता. जुन्या मुळाचं टोक तुटून वाळलेलं. भोवतीची माती भुसभुशीत. मी टीप केली आणि काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, नवव्यात.

मग पुण्याहून पत्र आलं. संशोधनाचं काम, तीन वर्षं. आश्विन पौर्णिमेनंतर रुजू व्हायचं होतं. आता विचारणं भागच होतं.

"सुगत, कंदाला पाय असतात?"

"न्हाई बा."

"मग पाचव्या चौकोनातला उलटा कसा झोपला?"

त्याची पहार थांबली. कान लाल झाले.

"पयला आईसाठी पुरला," तो हळूच म्हणाला. "पत्र्यावर एक मोठा कंद होता... जाळवला न्हाई. पण तुमी तो हुडकून काढला, तवा जेवढं वाईट वाटायला पायजे तेवढं वाटलंच न्हाई. काम लांबलं म्हणून बरंच वाटलं. आईची लाज वाटली मला. मग..."

"मग?"

"दुसरा तुमच्यासाठी. तिसरा बी."

"मला दुसऱ्यापासून माहीत होतं."

"आन बोलला न्हाईत?"

"निरीक्षण... अपुरं होतं," मी म्हणाले, आणि वहीत डोकं खुपसलं. मग पुण्याचं सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही.

तो उठला. मी काही न सांगता चौथ्या चौकोनात गेला, एक कंद काढला. अकराव्यातून दुसरा. दोन्ही माझ्यासमोर पत्र्यावर ठेवले, माती झटकली.

"आता खरंच संपलं," तो म्हणाला. "जावा तुमी. या वेलीपायी थांबू नका... माझ्यापायी बी न्हाई."

त्या संध्याकाळी बंब मीच पेटवला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं बाबांना सांगितलं.

पौर्णिमेला तगरीला पाचच फुलं होती. तो रजा काढून आला आणि ती ताटलीत घेऊन एकटाच विहाराकडे गेला. मी फाटकातून पाहिलं, हाक मात्र मारली नाही.

पुढच्या रविवारी खणायला काहीच नव्हतं. मी बॅग भरत होते. तेवढ्यात मोटारसायकल थांबली... आमच्या पुढच्या दाराशी. इतके रविवार भिंतीवरून उडी मारून येणारा माणूस, त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात पायऱ्या चढून आला. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"काय रे, फुटली का पुन्हा वेल?"

"न्हाई गुरुजी. सगळं साफ हाय."

"मग?"

मी दाराआड उभी होते.

"सुकेशनीला पुण्याच्या गाडीत बसवायला यावं म्हणतो," तो म्हणाला. "आन... तीन वर्षांनी उतरवून घ्यायला बी. तुमी अन् ती हो म्हणत असाल तर."

बाबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दाराखालून माझी पावलं दिसत असणार. मी ती मागे घेतली नाहीत.

बाबांनी पेपरची घडी घातली आणि बाकड्यावर थोडे सरकले.

"बस आधी," ते म्हणाले.