चौकटीबाहेरचे आकडे

मिरजेत स्टेशनजवळ माझं फोटोचं दुकान आहे. बाकीचे लोक माउस धरून तासन्‌तास रंगरंगोटी करतात. माझ्यात तेवढी चिकाटी नाही. मी कॉम्प्युटरला हुकूम देणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिते. चेहऱ्याभोवती चौकट आखायची आणि आतल्या प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात दहा मिळवायचे. शून्य म्हणजे काळा, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरा. चौकटीबाहेरचं काही हलत नाही. तरी खात्रीसाठी सगळ्याच चेहऱ्यांची सरासरी मी काढून बघते. खोड आहे.

म्हसवडच्या हरणाबाई भर दुपारी आल्या. सोबत मुलगा, बिरदेव. नवऱ्याचं, ज्ञानूचं, वर्षश्राद्ध सोमवारी होतं आणि त्याचा एकच फोटो होता, सिद्धनाथाच्या जत्रेतला. बापलेक शेजारी उभे. बिरदेवचा चेहरा स्वच्छ. ज्ञानूच्या तोंडावर पटक्याची सावली, नाकसुद्धा धड दिसत नव्हतं.

"त्येंचं तोंड इसराया लागलीया मी," हरणाबाई म्हणाल्या. "तेवढी सावली काढा, ताई."

फोटो स्कॅन करून चेहऱ्यांची सरासरी काढली. ज्ञानू चाळीस, बिरदेव एकशे तीस. ज्ञानूभोवती चौकट आखून स्क्रिप्ट चालवली. ज्ञानू पन्नास झाला. बिरदेव एकशे वीस.

ओळी तपासल्या. चूक नव्हती. पुन्हा चालवली: साठ, एकशे दहा. हात न लावलेली मूळ प्रत उघडली, तर तीही तशीच. मग टेबलावरचा कागदी फोटो उचलून पाहिला. त्यातही बिरदेव काळवंडला होता. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

मी दोघांना सांगितलं, वडील जेवढे उजळताहेत तेवढा मुलगा काळा पडतोय. बिरदेव हसला.

"आण्णा दिसू द्यात की, ताई. माझं काय, मी हाय हितंच."

आपणच लिहिलेल्या चार ओळींना घाबरायचं म्हणजे कहरच. मी बटण दाबत राहिले. हरणाबाई 'अजून वाईच' म्हणत राहिल्या.

एकशे सत्तरला त्या थांबल्या. मिशी दिसली. डाव्या भुवईवरचा व्रण दिसला. त्यावर बोट ठेवून त्या रडल्या.

बिरदेवचा आकडा शून्य होता.

ज्ञानूचा फोटो मोठा करून दिला. तो छातीशी धरून हरणाबाई दुकानाच्या पायरीवर, उन्हात उभ्या राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बिरदेव कुटं गेला?" त्यांनी मला विचारलं.

त्यांचा हात त्याच्याच खांद्यावर होता.