दहा फुटांची वाट

वॉकर घेऊन आलेल्या आजीबाई फळ्यांच्या ढिगाऱ्यापाशी अडकल्या, तशी ती तरातरा बाहेर आली. मागच्या घरात फिजिओथेरपीचा दवाखाना थाटून तिला जेमतेम चार दिवस झाले होते. घर आत्याने दिलेलं. पण रस्त्यावर जायची वाट पुढच्या घराच्या अंगणातून, आणि त्या अंगणात सुताराची शेड.

"या फळ्या कोणाच्या?"

"माझ्याच." केसांत भुसा, उजव्या कानावर पेन्सिल. त्याने वॉकर आधीच उचलला होता, आजीबाईंना हातही दिला होता. "अंगणही माझंच."

"येण्याजाण्याचा हक्क आमचा आहे. दहा फूट. खरेदीखतात लिहिलंय."

"तुमच्या आत्या तीस वर्षं सात फुटांतून गेल्या-आल्या."

"आत्या धडधाकट होती. माझे पेशंट गाडीतून येतात!"

"मग माझी शेड पाडू म्हणता?"

तो हसून बोलला, म्हणून तिला जास्तच राग आला.

महिनाभरात तीन पेशंट सुटले. लाकडाचा ट्रक वाटेत उभा राहायचा, आणि लोक कंटाळून दुसरीकडे जायचे. काका म्हणाले, "नोटीस ठोक! त्याशिवाय वठणीवर यायचा नाही." वकीलबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "कोर्टात वर्षं जातील. आधी दोघं मिळून मोजा तरी."

रविवारी सकाळी टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. शेड वाटेत एक फूट पुढे आलेली. आणि समोरच्या बाजूला आत्याची अडगळीची खोली... पूर्ण दोन फूट वाटेत, म्हणजे त्याच्याच अंगणात!

तिने पुन्हा मोजायला लावलं. दोनच फूट.

"टेप माझी आहे, तुमची आणून बघा हवी तर," तो म्हणाला.

"नको." तिचे कान तापले होते. "खोली मी पाडते."

"मग शेड मी मागे घेतो."

टेप गुंडाळणाऱ्या त्याच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. "मनगट कधीपासून दुखतंय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टेप डाव्या हाताने ओढताय, आणि पेन्सिल उजव्या कानावर."

दुसऱ्या दिवसापासून तो उपचाराला येऊ लागला. व्यायाम अगदी मन लावून करायचा, आणि चुकीचाही तितक्याच मन लावून.

"असं नाही हो... अंगठा वर."

"तुम्ही धरून दाखवलंत की जमतं."

"काल तर एकट्याने जमलं होतं!"

"काल तुम्ही बघत नव्हतात."

ती तोंड फिरवून रजिस्टरात काहीतरी लिहू लागली — काय लिहिलं, तिलाच कळलं नाही.

काकांना वास लागलाच. "गोड बोलून गुंडाळतोय तुला. सही होईपर्यंतच हे सगळं, लिहून ठेव." तिने उडवून लावलं, पण बोल मनात रुतला. खोली पडली, शेड मागे सरली, वाट मोकळी झाली. करारनामाही तयार झाला. लाकडाचा ट्रक दुपारी बारानंतरच. तो रोज यायचा, हसायचा, आणि नेमकं काहीतरी बोलता बोलता थांबायचा. का थांबतो हा? काका खरे ठरले तर?

नोंदणी कचेरीत दोघांच्या सह्या झाल्या, अंगठे उमटले. वकीलबाई प्रत आणायला आत गेल्या. तो अंगठ्यावरची शाई रुमालाला पुसत होता.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "आता मनगटही बरं आहे तुमचं. यायची गरज नाही."

"मला यायचंय." तो घुटमळला. "कधीचं सांगायचं होतं... तुम्ही मला आवडता. पण सहीच्या आधी बोललो असतो, तर एका फुटासाठी बोलतोय असं वाटलं असतं. तुम्हाला नाही तरी तुमच्या काकांना."

ती हसली. मग डोळे भरून आले, म्हणून परत हसली.

"मलाही वाटलं असतं," ती म्हणाली. "बरं झालं थांबलास."

"थांबलास?"

"हो. थांबलास. आता संध्याकाळी ये. आणि काकांना तूच सांगायचं — मी फक्त शेजारी बसेन."