परतीची नोट

ग्वालियरच्या जयेंद्रगंजात माझं परकीय चलन बदलून देण्याचं छोटंसं दुकान आहे. नोट कितीही कोरी असो, निळ्या दिव्याखाली धरल्याशिवाय मी ती गल्ल्यात टाकत नाही. सुरुवातीला एकदा बनावट नोटांनी तोंड पोळलंय, तेव्हापासून ताकही फुंकून पिते. खऱ्या शंभर डॉलरचा कागद दिव्याखाली काळसरच राहतो, फक्त आतला धागा गुलाबी उजळतो. खोटा कागद मात्र सगळाच्या सगळा निळापांढरा पेटतो.

माझा धाकटा भाऊ संग्रामसिंह दुकानात आला की आधी त्या दिव्याखाली हात घालायचा. कातडी जांभळट काळी दिसायची, नखं तेवढी फिकी चमकायची.

"बघ ताई, असली माल!"

विनोद दर वेळी तोच, आणि दर वेळी मला हसू यायचं.

कंबोडियात एका हॉटेलात नोकरीची बोलणी करायला तो निघाला, तेव्हा डॉलर मीच दिले. दाना ओलीतल्या घरी आईने ते देवापुढे ठेवले आणि सगळ्यात वरच्या नोटेवर हळदीकुंकवाचं बोट ठसठशीत उमटवलं. मी कपाळाला हात लावला.

"आई, डाग लागलेला डॉलर तिकडे कुणी हातात धरत नाही! बेकार केलीस ना नोट?"

"म्हणूनच लावलं," आई म्हणाली. "कुणी घेणार नाही, म्हणजे घरी परत येईल. आणि ही ज्याच्या खिशात आहे, तोही येईल. तुझ्या बाबांना मी सगळ्या कोऱ्या दिल्या होत्या."

बाबा मस्कतला गेले ते परत आलेच नाहीत.

संग्रामने ती नोट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "चिंता नको करू, आई. ही नोट आणि मी, दोघं वापस येऊ."

तो परतायचा त्या दिवशी दुपारी मुरारचे महिपतराव उरलेले डॉलर मोडायला आले. फौजेतून रिटायर झालेले, कंबोडियातली देवळं बघून आलेले. त्यांच्या नोटांत खाली एक होती, तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. बोटाच्या ठशात मधोमध तिरपी रेघ. आईच्या बोटावर विळीची जुनी खूण आहे, ती तशीच आहे.

"ही कुठून आली, काका?"

"एका पोराने दिली. तिथे नदीच्या घाटावर भेटला, आपल्या ग्वालियरचाच निघाला. बदल्यात काही घेतलं नाही. म्हणाला, जयेंद्रगंजात ताईच्या काउंटरवर देऊन टाका, ही घरी पोचली पाहिजे." महिपतरावांनी पाकीट मिटलं. "मी म्हटलं, तूच ने की बेटा. तर म्हणाला, अब मुझसे नहीं होगा. बिचारा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला होता. पाऊस तर नव्हता."

मी नोट दिव्याखाली धरली. कागद काळा, धागा गुलाबी. खरी.

मला संग्रामचा रागच आला. आईने एवढ्या मायेने दिलेली नोट वाटेत कुणालाही देतो? महिपतराव गेल्यावर लगेच फोन लावला. त्याची गाडी आग्र्याहून निघाली होती.

"नोट कुठंय?"

"पाकिटात. का गं?"

"नक्की?"

"समोर धरलीये, ताई. आईचं बोट दिसतंय."

संध्याकाळ व्हायच्या आत तो दुकानात आला. खांद्यावर बॅग, चेहरा थोडा उतरलेला, पण धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. मी काउंटरमागून धावत जाऊन त्याला मिठी मारली.

मग त्याने नोट काढून समोर ठेवली. तेच बोट, तीच तिरपी रेघ. मी महिपतरावांची नोट शेजारी ठेवली. दोन्हींवर नंबर एकच होता.

दोन्हींतली एक खोटी, एवढंच ना, असं मी स्वतःला समजावलं. हे तर माझं रोजचं काम. त्याची नोट दिव्याखाली सरकवली.

ती सगळीच्या सगळी निळीपांढरी पेटली.

"तुला कुणीतरी फसवलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तो हसला आणि सवयीने त्याने दिव्याखाली हात घातला.

हात पेटला. मनगटापासून बोटांपर्यंत, निळापांढरा.

नखं तेवढी काळी होती.

"बघ ताई," तो म्हणाला. "असली माल."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"आला का गं? भाकरतुकडा घेऊन दारात उभी आहे मी. आणि नोट? नोट आली ना?"

महिपतरावांची नोट माझ्या मुठीत होती. तळवा ओला झाला होता, आणि पाणी मनगटावरून खाली ओघळत होतं.

"नोट आली, आई," मी म्हणाले.

त्याने फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"आणि मीपण," तो म्हणाला, हुबेहूब संग्रामच्या आवाजात.